बाइकचे लेदर बूट: धुणं, वाळवणं, वॉटरप्रूफ करणं (साखळी, गोवा, पावसाळा २०२५)

आधी थोडक्यात. मी रोज साखळीहून कुंडईला बाइकवर कामाला जातो, आमोण्याचा पूल, माशेल, मग कुंडई. बूट घोट्याच्या वरपर्यंतचे, तपकिरी जाड लेदर, पुढे लेस, डाव्या बुटाला गिअरच्या जागी जादा तुकडा शिवलेला. २०२१ साली एकाकडून सेकंडहँड ३,२०० ला घेतले. आपल्याकडे पाऊस लागला की शहाणी माणसं सरळ रबरी सँडल घालतात, पण मागच्या वर्षी माझी सँडलमधली बोटं एकदा फूटरेस्टवर चांगलीच ठेचली तेव्हापासून बूटच. गमबूटही घालून पाहिले, त्यांचं नाक गिअरच्या खाली जातच नाही. मागच्या पावसाळ्यात हेच बूट ओलेच्या ओले घालून फिरलो आणि ऑगस्टपर्यंत दोन्ही पायांना चिखल्या, डॉक्टर, मलम, सगळं झालं. म्हणून यंदा ठरवलं की जूनच्या आत बूट तयार करायचे. कुणाला हेच करायचं असेल तर माझ्या चुका तरी वाचतील म्हणून लिहून ठेवतोय.

११ मे, रविवार

माळ्यावरून बूट काढले. ऑक्टोबरात प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड गच्च बांधून ठेवलेले, धूळ नको लागायला म्हणून. म्हणजे पहिली चूक सात महिन्यांपूर्वीच करून ठेवलेली. पिशवी उघडली आणि असा कुबट वास आला की मांजर उठून गेलं. बुटांवर पिठीसाखर भुरभुरावी तशी पांढरी बुरशी, जिभेच्या आतल्या बाजूला हिरवट ठिपके, आणि लेस ओवायच्या पितळी कड्यांभोवती हिरवा, मऊ, मेणासारखा थर. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की कळकतं ना, तोच प्रकार, लेदरातलं तेल पितळेला लागून कळकलेलं.

ओलं फडकं घेतलं आणि पुसून काढलं. पाच मिनिटांत बूट एकदम स्वच्छ, मी खूश.

१२ मे

सकाळी बुरशी परत जागेवर, उलट काल जिथे नव्हती तिथेही. ओल्या फडक्याने मी ती पुसली नव्हती, सगळ्या बुटावर सारवली होती. वर ते फडकं आईने ओटा पुसायला घेतलं. त्यावर जे ऐकलं ते इथे लिहीत नाही.

संध्याकाळी परत नीट केलं. बूट अंगणात, तोंडाला मास्क, आधी कोरड्या ब्रशने सगळी बुरशी झाडली (वाऱ्याकडे पाठ करून, हे महत्त्वाचं). मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं करून कापडावर घेऊन पुसलं, आतूनसुद्धा, शिलाईच्या खाचेत जुना टूथब्रश. अल्कोहोलने रंग थोडा उतरू शकतो, आधी जिभेच्या मागे लपलेल्या जागी लावून बघा. माझा किंचित उतरला, फडकं तपकिरी झालं, पण बुटावर कळत नाही. पितळेवरचा हिरवा थर आधी टूथपिकने खरवडला. ओला करून पुसायला गेलो तर तो लेदरात पसरतो, त्यामुळे कोरडाच काढायचा. सोळा कड्या, पाऊण तास.

अर्धा लिटर अल्कोहोल १९० रुपये.

१३ मे

धुणं. लेदरचा साबण, सॅडल सोप म्हणतात तो, साखळीत दोन दुकानांत विचारला, एकाने मला अंगाचा साबण दाखवला. वैतागून घरातलं भांड्यांचं लिक्विड वापरलं. मळ मस्त निघाला, तांबडी माती शिवणीतून वाहत होती, आमच्या खाणपट्ट्यातली माती म्हणजे विचारू नका, २०१८ ला खाणी बंद पडल्या तेव्हा रस्त्यावरची धूळ कमी झाली होती पण बुटात आधीच जाऊन बसलेली कुठे जाते. पण भांड्यांचं लिक्विड तेल काढायलाच बनवलेलं असतं, त्याला कढई काय आणि लेदर काय सारखंच. वाळल्यावर चवड्याच्या घडीजवळ लेदर पापडासारखं वाजायला लागलं.

शिवाय टाचेवर मिठाच्या पांढऱ्या रेघा होत्या, मागे मोरजीला वाळूत उतरलो होतो त्याच्या. त्याला विनेगर लागतो. घरी नव्हता, मित्राच्या घरून आणला, त्याच्या आईने केलेला माडाचा. एक भाग विनेगर दोन भाग पाणी, कापडाने टिपला, रेघा गेल्या. फक्त दोन दिवस बुटांना सोरपोतेलचा (विनेगर घातलेल्या डुकराच्या मटणाचा) वास येत होता. दुकानातला पांढरा विनेगर घ्या, स्वस्त पडतो आणि भूक लागत नाही.

१४ ते १७ मे, वाळवणं

इथे मी न ठरवता एक प्रयोग झाला. डावा बूट खोलीत पंख्याखाली ठेवला, आत वर्तमानपत्राचे बोळे, बोळे ओले झाले की बदलायचे (पहिल्या दिवशी चारदा, नंतर सकाळ-संध्याकाळ). उजवा बूट घाई म्हणून गच्चीवर. वर आईची पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची तयारी मांडलेली, सोलां (आमसुलं) वाळत होती, मिरच्या होत्या, त्यांच्या शेजारी मी बूट ठेवला. दुपारी बारा ते अडीच. आई वर आली आणि सोलांच्या शेजारी बूट बघून तिने तो सरळ जिन्यावरून खाली सोडला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

डाव्याला पुरते तीन दिवस लागले. उजवा अडीच तासांत वाळला, आणि असा वाळला की घोट्याजवळ आक्रसला, आत पाय घालताना बूट चढवायला चमचा लागला, आणि आतल्या बाजूला कमानीपाशी सोल वरच्या लेदरपासून बोटभर सुटला. तेव्हा मला वाटलं आईने जिन्यावरून टाकल्यामुळे सुटला. नंतर मोच्याने सांगितलं की उन्हाने गोंद सुटलाय, जिन्याचा काही संबंध नाही. आईची माफी मागितली नाही अजून.

म्हणजे सावली, पंखा, पेपर. तीन दिवस हाताशी नसतील तर धुऊच नका.

१८ मे, रविवार

आता लेदर कोरडं ठाक झालेलं, त्याला तेल हवं. मामा आलेले, ते म्हणाले, "अरे खोबरेल लाव की, आम्ही सगळ्याला तेच लावायचो, बैलाच्या जुवाच्या पट्ट्यांना पण." घाण्यावरचं तेल घरात होतंच. हातावर घेऊन दोन्ही बुटांना चोळलं. लेदर असं पीत गेलं की मी लावतच गेलो, साधारण पाऊण वाटी. मऊ झालं, छान झालं. रंग मात्र गडद, जवळजवळ काळा.

१९ मे

मुंग्या. बारीक लाल मुंग्यांची रांग खिडकीतून, भिंतीवरून, थेट डाव्या बुटात. मामांना फोन केला तर म्हणाले, "आमच्या वेळी बैल गोठ्यात असायचा रे, मुंग्या कोण बघतंय."

२२ मे

पाऊस आलासुद्धा. यंदा मे महिन्यातच सुरू झाला, आईची अर्धी मिरची आत, अर्धी भिजलेली, माझं जूनचं वेळापत्रक बोंबललं. पहिल्या पावसात बूट घालून गेलो. खोबरेलाने पाणी अडत नाही, मिनिटभर थेंब मोत्यासारखे उभे राहतात, मग लेदर पाणी प्यायला लागतं. आणि हवा दमट झाल्यावर तेलकट जागी बुरशी परत, आधीपेक्षा जोमाने. आपण तिला जेवणच वाढलं.

तेल काढायचा प्रयत्न: टाल्कम पावडर जाडसर थापली, रात्रभर ठेवली, सकाळी झाडली, परत थापली. तीन रात्री. पावडर पिवळट होऊन निघत होती म्हणजे तेल येत होतं, पण सगळं येत नाही. मुंग्या तेवढ्या गेल्या.

२५ मे, रविवार

मेण लावायचं ठरलं. मधमाशीचं मेण कुठे मिळेल माहीत नाही, बाहेर धो धो पाऊस. मग डोकं चालवलं: मेण ते मेण. दुकानातून ६० रुपयांच्या पांढऱ्या मेणबत्त्या आणल्या, वितळवल्या, ब्रशने बुटांना लावलं. वरून हेअर ड्रायर मारला. काचेसारखे चकाकत होते.

२६ मे

कुंडईला पोहोचेपर्यंत चवड्याच्या घडीवर सगळं मेण तडकून पांढरं झालं, पापुद्रे निघायला लागले, ऑफिसच्या फरशीवर माझ्या मागे कोंडा. मेणबत्तीचं मेण म्हणजे पॅराफिन, ते ठिसूळ असतं, वाकत नाही. चालताना बूट त्याच एका जागी हजारदा वाकतो. जुन्या गोव्याला चर्चसमोर नवसाचे मेणाचे हातपाय विकायला ठेवलेले असतात, एक पाय तुटून पडलेला मी स्वतः पाहिलाय, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

काढायला लाकडी पट्टी, ड्रायर आणि जुने बनियन. दीड तास.

३० मे, शुक्रवार

अर्धी रजा टाकून म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. मध विकणाऱ्याकडे मधमाशीचं मेण मिळालं, पाव किलो २८०. पिवळं, जरा चिकट, मधाचा वास. नखाने दाबलं तर खूण पडते, तडकत नाही, हीच परीक्षा. मेडिकलमधून एरंडेल तेल, १०० मिलीच्या दोन बाटल्या १४०. सॅडल सोप शेवटी ऑनलाइन मागवला, ४२०, तो आदल्या दिवशी आलेला.

१ जून, रविवार

सॅडल सोपने परत धुणं. यात पाणी अगदी कमी लागतं, ओल्या स्पंजावर साबण घासून फेस करायचा आणि फेसाने पुसायचं, बूट बादलीत बुचकळायचा नाही. आधी जे केलं त्याच्या तुलनेत हे म्हणजे लहान मुलाचं तोंड पुसल्यासारखं. लेदर कडक झालं नाही, एका दिवसात वाळलं.

३ जून, मेण लावलं

एरंडेल २ भाग, मेण १ भाग, वजनाने. मी ८० ग्रॅम तेल आणि ४० ग्रॅम मेण घेतलं, दोन बुटांना तीन थर होऊन निम्म्याहून जास्त उरलं. थेट गॅसवर ठेवायचं नाही, एका टोपात पाणी उकळत ठेवून त्यात स्टीलची वाटी. मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, उकळत्या पाण्याची ऊब त्याला भरपूर होते, आणि गॅसवर पेट घेण्याची भानगड नाही. वाटी परत स्वयंपाकघरात जाणार नाही हे आईने आधीच सांगितलं होतं. जुन्या बुटपॉलिशच्या डबीत ओतलं, थंड झाल्यावर लोण्यासारखं घट्ट.

लावायची पद्धत, जी तिसऱ्या बुटाला (म्हणजे दुसऱ्यांदा केलेल्या पहिल्या बुटाला) जमली: ड्रायरने लेदर हाताला कोमट लागेल इतकंच तापवायचं, चटका बसेल इतकं नाही. मग बोटांनीच मेण चोळायचं, फडक्याने नाही. बोटाच्या उबेने ते विरघळतं आणि कुठे लेदर पितंय, कुठे नाही ते बोटाला कळतं. परत ड्रायर, मेण आत गेलं की तिथला ओला चकाकीपणा जातो. शिवणीत आणि सोल जिथे वरच्या लेदरला मिळतो त्या खाचेत टूथब्रशने भरायचं. रात्रभर ठेवून सकाळी जे वर राहिलंय ते पुसून टाकायचं, नाहीतर चिकट राहून सगळी धूळ ओढतं. असे तीन थर, तीन रात्री.

नळाखाली धरलं. पाणी कमळाच्या पानावरून पडावं तसं घरंगळलं. फोटो काढला, मित्रांना पाठवला. लवकर पाठवला.

७ जून

डावा पाय ओला. माशेलला पोहोचेपर्यंत अंगठ्यापाशी गार लागलं, कुंडईला मोजा पिळला. उजवा कमानीजवळ ओला. मेण लावलेल्या जागी वरून एक थेंब आत गेलेला नाही, हे बघून फार चिडलो.

८ जून, रविवार, बादली

हे काम मी सगळ्यात आधी करायला हवं होतं, ११ मेला. बुटात आत टाल्कम पावडर भुरभुरवली, सगळीकडे पातळ थर, वर कोरड्या टिश्यूचे तुकडे. मग बूट बादलीत, पाणी लेसच्या चौथ्या कडीच्या खाली (तिथपर्यंत जीभ दोन्ही बाजूंना शिवलेली असते, त्याच्या वर पाणी गेलं तर ते जिभेच्या बाजूने येणारच, त्याला काही इलाज नाही). बूट तरंगू नये म्हणून आत विटेचा तुकडा पिशवीत गुंडाळून. पंधरा मिनिटं. बाहेर काढून मोबाइलचा टॉर्च आत मारला.

डाव्यात गिअरच्या तुकड्याच्या शिलाईखाली एक स्वच्छ ओली रेघ, पावडर तिथेच लापशीसारखी झालेली, सुईची भोकं मोजता येत होती, अकरा. बाकी बूट कोरडा खडखडीत. उजव्यात सोल सुटलेल्या जागेतून, बोटभर.

म्हणजे तीन आठवडे मी ज्या लेदरला काही झालं नव्हतं त्याला तेल पाजत होतो, आणि पाणी येत होतं टाक्यांतून. गिअर बदलताना लिव्हर तिथेच घासते, धागा झिजलेला, भोकं मोठी झालेली.

१० जून

मार्केटातल्या मोच्याकडे. त्याने बूट हातात घेतला, वास घेतला, माझ्याकडे बघितलं. "कितें लायलां हाका? खोबरेल?" मी मान डोलावली. त्याने बूट शेजारच्याला दाखवला, दोघे हसले.

डाव्याचे टाके उसवून आरीने परत घातले, मेण लावलेला जाड दोरा, जुन्याच भोकांतून. उजव्याचा सोल गोंद लावून दाबला. म्हणाला चिकटेल का सांगत नाही, तेल प्यायलेल्या लेदरला गोंद धरत नाही. दोन्हींचे मिळून १२०.

१२ जून

सोल परत सुटला. त्याने सांगितलंच होतं.

१४ जून

घरी थिनर (६० रुपये) कापसावर घेऊन सुटलेल्या जागेची आतली दोन्ही अंगं पुसली, कापूस पिवळा यायचा थांबेपर्यंत, नऊ बोळे. मग परत मोच्याकडे. त्याने कानशीने दोन्ही बाजू खरवडल्या, गोंद लावून दहा मिनिटं तसाच ठेवला, मग चिकटवून लोखंडी फर्म्यावर ठोकला, वरून चार टाकेही घातले. ८० घेतले. "आतां तेल लायनाका." नाही लावणार.

१५ जून, सीलंटची भानगड

टाक्यांच्या भोकांवर लावायला हार्डवेअरमधून पारदर्शक सिलिकॉन सीलंट आणला, १६०. लावला, रात्रभर वाळवला, सकाळी नखाने एक कोपरा उचलला तर सगळी पट्टी केसाळ सुरवंटासारखी उलगडून हातात. मेण लावलेल्या लेदरवर सिलिकॉन धरत नाही. सीलंट लावायचा तर आधी, कोऱ्या लेदरवर, मेण सगळ्यात शेवटी. आता मागे जाता येत नाही.

मग नुसतं मधमाशीचं मेण, तेल न घालता, ते घट्ट राहतं. चमच्यात वितळवून टूथपिकने एकेका भोकावर थेंब ठेवला आणि ड्रायरने आत ओढून घेतला. अकरा भोकं, अकरा थेंब, परत एक फेरी. उजव्याच्या नव्या चार टाक्यांनाही.

१६ जून

बादली, पंधरा मिनिटं. पावडर कोरडी. अर्धा तास ठेवला. कोरडी. आई बघायला आली, म्हणाली, "आता तांदूळ ठेव त्यात."

२४ जून

सांजावांवची (सेंट जॉनचा सण, यात लोक विहिरीत उड्या मारतात) सुट्टी नव्हती पण पाऊस इतका की लोक विहिरीत उड्या न मारताच भिजत होते. कामावर जाताना पाय कोरडे, येताना कोरडे. मेण लावून तीन आठवडे झालेले, चवड्याच्या घडीवर पाणी जरा मुरायला लागलंय असं वाटलं, तिथे एक हात परत मारला. दहा मिनिटांचं काम.

२० जुलै, रविवार, चोर्ला

खरी टेस्ट. साखळीहून केरी, वर चोर्ला घाट, पुढे सुर्ल्याच्या फाट्यापर्यंत आणि परत. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बराचसा त्या दिवशी माझ्यावर पडला असावा. घाटात ढग रस्त्यावर, समोरचा ट्रक लाइटवरून ओळखायचा.

अर्ध्या घाटात दोन्ही पाय ओले. नुसते ओले नाही, गिअर टाकताना बुटात पाणी डचमळत होतं. मनात मोच्यापासून मामांपर्यंत सगळ्यांना शिव्या घालून झाल्या.

खाली केरीला चहाच्या गाड्याजवळ थांबलो, बूट काढला आणि उपडा केला. तांब्याभर पाणी पडलं. चहावाला म्हणाला, "बूट एकदम बरे आसात रे, पाणी सांडनात." आणि तेव्हा लक्षात आलं. बूट गळत असता तर पाणी खालून निघून गेलं असतं. ते आत साठलं होतं कारण बुटातून बाहेर जायला वाट नव्हती. पाणी आलं होतं वरून. मी रेनकोटची पँट बुटाच्या आत खोचली होती, म्हणजे पावसाळ्यात पन्हाळीचं तोंड जसं टाकीत सोडतात तसं मांडीवरचं सगळं पाणी मीच बुटात सोडलं होतं. रोजच्या वीस किलोमीटरमध्ये ते कळलं नाही कारण तेवढ्यात भरत नाही.

बूट वाळायला चार दिवस. आतून भरले की मेणाचं कवच उलटं त्रास देतं, बाहेरून हवा लागत नाही. पेपरचे बोळे दिवसातून पाचदा.

२७ जुलै

पँट बुटाच्या बाहेर. पण नुसती बाहेर ठेवली तर वाऱ्याने वर फडफडते, म्हणून खाली वेल्क्रोची पट्टी शिवून घेतली शेजारच्या काकींकडून (पट्टी ५० रुपये, शिलाईचे काकींनी घेतले नाहीत, एक फणस दिला). पट्टी बुटाच्या टाचेपुढून सोलखालून घेऊन बांधायची, एक्झॉस्टच्या बाजूला टोक लोंबत ठेवायचं नाही.

परत केरी, अंजुणे धरणापर्यंत, दोन तास सततचा पाऊस. उजवा मोजा कोरडा. डाव्याच्या बोटांशी दमट, पण ते पाणी नाही, घाम, दोन्ही मोज्यांचा वास घेऊन खात्री केली. मेण भरलेलं लेदर श्वास घेत नाही हे खरंय, आणि चिखल्यांना घामही पुरतो. म्हणून डब्याच्या पिशवीत आता मोज्यांचा दुसरा जोड असतो, ऑफिसला पोहोचलो की बदलतो, बूट टेबलाखाली उघडे ठेवून चपला घालतो. साहेब एकदा काहीतरी म्हणाले, वास नाही ना येत, असं विचारलं तर गप्प बसले.

२३ ऑगस्ट

चवथ (गणेश चतुर्थी) चार दिवसांवर. हिशेब: अल्कोहोल १९०, मेणबत्त्या ६०, सॅडल सोप ४२०, मधमाशीचं मेण २८०, एरंडेल १४०, मोची १२० आणि ८०, थिनर ६०, सीलंट १६०, वेल्क्रो ५०. एकूण १,५६०. त्यातले मेणबत्त्या, सीलंट आणि मोच्याची पहिली खेप मिळून ३४० पाण्यात (१२० मधल्या डाव्या बुटाच्या शिलाईचा उपयोग झाला, पण तो वेगळा काढत बसत नाही). हाताने काम साधारण वीस तास, त्यातले बारा तरी स्वतःच केलेली घाण काढण्यात. परत करायचं झालं तर बादली पहिल्या दिवशी, मोची दुसऱ्या, मग साबण, मग मेण, चार-पाच तासांत संपेल.

मेणाचा हात दर तीन आठवड्यांनी मारतोय, आतापर्यंत तीनदा, घडीवर आणि शिवणीवरच. बुरशी फक्त जिभेच्या मागे एकदा दिसली, अल्कोहोलने पुसली. चिखल्या नाहीत. बूट आता पिशवीत नाही, पडवीत बांबूच्या दोन खुंट्यांवर उलटे असतात, खाली हवा लागते आणि झुरळ आत बसत नाही. उजव्याच्या घोट्याचा आक्रस काही गेला नाही, तो पाय अजून चमच्यानेच जातो.

डबीतलं उरलेलं मेण शोधत होतो तर ती रिकामी. बाबांनी काल माटोळीची (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती) चौकट काढून पुसली आणि हाताला लागलेली ती डबी सबंध तिच्यावर चोळली. लाकडाला काय चकाकी आलीय. आईने खूप कौतुक केलं, कुठलं पॉलिश म्हणून विचारलं, बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. डबी कशाची होती ते चवथ होईपर्यंत तरी मी सांगणार नाही.